बाणकोटचा व्हिक्टोरिया : तट, घरे आणि माणसे

कोकणच्या किनाऱ्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात जलदुर्गांना मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही नावे आपल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली, तीत या तिन्ही दुर्गांचा समावेश आहे. त्याच किनाऱ्यावर, रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, सावित्री नदीच्या मुखाशी एक चौथा किल्ला उभा आहे. तो त्या यादीत नाही. मंडणगड तालुक्यातील बाणकोट हे ते गाव, आणि हिंमतगड ऊर्फ व्हिक्टोरिया हा तो किल्ला. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहावयास हल्ली पुष्कळ मंडळी येतात. त्यांतली थोडीच या टेकडीवर चढत असतील.

या किल्ल्याविषयी लिहावे असे आम्हांस वाटले, त्याला एक कारण आहे. आम्हां ख्रिस्ती लोकांना आजही अधूनमधून विचारले जाते, ‘तुम्ही इंग्रजांच्या वेळी ख्रिस्ती झालात ना?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसते. इंग्रज ख्रिस्ती होता, तेव्हा जेथे त्याचे ठाणे तेथे त्याचा धर्म, असा त्याचा साधा हिशेब असतो. बाणकोट हे पश्चिम भारताच्या मुख्य भूमीवर इंग्रजांच्या मालकीचे पहिले ठिकाण मानले जाते. तो हिशेब खरा असता तर महाराष्ट्रातील सर्वांत जुना इंग्रजी धर्मग्राम येथे असावयास हवा होता. प्रत्यक्षात येथे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

एक खाडी, अनेक धनी

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूर-महाडवरून वाहत येते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. रेल्वे आणि मोटाररस्ते नव्हते त्या काळी अशी खाडी म्हणजे देशाकडे जाणारा राजमार्गच. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आत शिरत, दासगाव-महाडपर्यंत माल पोचे आणि तेथून बैलांच्या पाठीवर घाट चढे. ज्याच्या हाती खाडीचे मुख, त्याच्या हाती हा सारा व्यापार. म्हणूनच या मुखावर किल्ला आला.

ही खाडी इतिहासाला माणसे पुरवण्यातही कमी पडली नाही. तिच्या उत्तरेला श्रीवर्धन, हे पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव. दक्षिणेला, बाणकोटच्या शेजारीच वेळास, हे नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे गाव. पुण्याच्या दरबारातली दोन मोठी घराणी याच किनाऱ्यावरून देशावर गेली, आणि पुढे पुण्याच्या राज्याचा शेवट ज्यांच्या हातून झाला त्या इंग्रजांनी आपला पहिला पायही येथेच रोवला.

तो पाय रोवण्याची संधी मात्र पुण्यानेच दिली. अठराव्या शतकाच्या मध्यास तुळाजी आंग्रे याचे पेशव्यांशी फाटले होते आणि त्याचे आरमार इंग्रजांच्या व्यापारालाही जाच करीत होते. बाळाजी बाजीराव पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांनी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने ‘प्रोटेक्टर’ या आपल्या जहाजावरून सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. हर्णैच्या किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे साहाय्यक किल्लेही पडले. थोड्याच दिवसांत बाणकोटचा हिंमतगड शरण आला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, आणि तेथे आंग्र्यांच्या आरमाराची राखरांगोळी झाली. आपल्याच किनाऱ्याचे रक्षक आरमार परक्यांच्या साह्याने बुडवावे, याबद्दल मराठी इतिहासकारांनी पेशव्यांना दिलेला दोष अनाठायी नाही.

पुढे १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने सौदा पुरा झाला. इंग्रजांनी विजयदुर्ग सोडावा, पेशव्यांनी बाणकोट आणि आसपासची काही गावे इंग्रजांकडे कायम करावी, असे ठरले. विजयदुर्गासारखा बलाढ्य दुर्ग देऊन हा लहानसा किल्ला घेण्यात इंग्रजांनी काय साधले? त्यांना लढण्यासाठी जागा नको होती. राहण्यासाठी आणि व्यापारासाठी हवी होती.

राणीच्या आधीची व्हिक्टोरिया

किल्ल्याचे नाव बदलून त्यांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे ठेवले. हे नाव वाचून पुष्कळांस वाटते की ते राणीच्या गौरवार्थ असावे. पण व्हिक्टोरिया राणीचा जन्म १८१९ सालचा आणि ती गादीवर आली १८३७ साली. किल्ल्याचे हे नाव तिच्या जन्माच्या ६० वर्षे आधीचे आहे. लॅटिनमध्ये व्हिक्टोरिया म्हणजे विजय. ‘हिंमत’ जाऊन तिच्या जागी ‘विजय’ आला, एवढाच या नामांतराचा अर्थ.

किल्ला जांभ्याच्या टेकडीवर जांभ्याचाच बांधलेला आहे. बुरूज, तट, नक्षीचा दरवाजा, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आणि बाहेर खडक तासून काढलेला खंदक असा त्याचा थाट. तटावरून खाडी, समुद्र आणि पलीकडचा हरिहरेश्वरचा डोंगर एका नजरेत येतात. आत घरांचे चौथरे तेवढे उरले आहेत.

जांभा हा दगड आम्हां कोकणवासीयांच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याचे वेगळेपण आमच्या ध्यानी येत नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीच्या घावाने त्याचे चिरे पडतात. वारा आणि ऊन लागले की तो कठीण होत जातो. फ्रान्सिस ब्युकॅनन या इंग्रजांच्या नोकरीतील संशोधकाने १८०७ साली मलबारातील हा दगड पाहून लॅटिन ‘लाटेर’ म्हणजे वीट या शब्दावरून त्याला शास्त्रीय नाव दिले. जमिनीतून तयार वीटच निघावी, असा हा दगड. कोळ्याची झोपडी सोडली तर कोकणातल्या सगळ्या वास्तूंचे अंग एकच : देवळाचा चौथरा, मशिदीची भिंत, आमच्या चर्चचा दर्शनी भाग, खोताचे घर आणि कंपनी सरकारचा किल्ला. चिरे तेच, चुना तोच आणि बांधणारे गवंडीही येथलेच.

इंग्रजांचे घर मात्र बेताने वेगळे असे. आपल्या घराला पुढे ओटी-पडवी, मध्ये माजघर, मागे विहीर आणि परसू. सारे घर आतल्या बाजूला, देवघराकडे आणि चुलीकडे तोंड करून बसलेले. साहेबाच्या बंगल्याचे तोंड बाहेर, समुद्राकडे. त्याला चारी बाजूंनी पडवी हवी, उंच छप्पर हवे आणि वारा हवा. मुंबईच्या हवेने आजारी पडलेल्या इंग्रजाला बाणकोटचा वारा मानवे. कंपनीचा नोकर जेम्स फोर्ब्स १७७१ साली प्रकृतीसाठी येथे आला होता. दासगावजवळच्या उन्हाळ्यांचे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे, त्याने वर्णन केले आहे. त्याच्या आठवणींचे चार खंड १८१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे महाबळेश्वर वसल्यावरही मुंबईहून तिकडे जाणारे साहेबलोक बाणकोटला जहाजातून उतरत आणि होडीने महाडकडे जात.

हा प्रवास नेहमी सुखाचाच झाला असे नाही. महाबळेश्वरच्या आर्थर सीटविषयी अशी कथा सांगतात की आर्थर मॅलेट नावाच्या अधिकाऱ्याची बायको आणि मूल सावित्रीच्या पाण्यात बुडाले. तो त्या कड्यावर बसून खाली नदीकडे पाहत राही. आज तेथे उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांना हे माहीत असतेच असे नाही. राज्य करणाऱ्याच्या घरीही मरण तसेच येते आणि त्याचे दुःखही तेवढेच खरे असते, हे आपण विसरू नये.

ठाणे उठले

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि सारा किनारा इंग्रजांचा झाला. दक्षिण कोकणचा जिल्हा तयार झाला तेव्हा त्याचे मुख्य ठाणे बाणकोटलाच होते. वस्तुतः हा गावाचा भाग्योदय व्हावयाचा. झाले उलटेच. सगळाच किनारा आपला झाल्यावर एका टोकाच्या खाडीवर बसून कारभार कशासाठी करावयाचा? १८२२ साली ठाणे मध्यावरच्या रत्नागिरीला हलले. फौजेची छावणी दापोलीला पडली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. आंग्र्यांविरुद्ध मिळवलेला आणि पेशव्यांशी करार करून राखलेला किल्ला, शत्रूच न उरल्यामुळे निरुपयोगी झाला. १७५६ ते १८२२ ही ६६ वर्षे. म्हणजे एका माणसाचे आयुष्य.

रत्नागिरीचे भाग्य मात्र उघडले. कचेऱ्या, बंगले, शाळा यांनी ते शहर वाढले. १८८६ साली ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी तेथे आणून ठेवले आणि १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधला. सहा वर्षांनी तो तेथेच वारला. बाणकोटचा किल्ला बंदूक घेऊन राखलेले घर होते. थिबा राजवाडा म्हणजे राजवाड्याच्या रूपातला तुरुंग होता. दोन्ही वास्तू सत्तेने बांधल्या, आणि सत्तेची गरज संपताच दोन्ही ओस पडल्या.

तटाच्या आत धर्म नव्हता

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. या ६६ वर्षांत बाणकोटच्या इंग्रजांनी किती लोकांना ख्रिस्ती केले? कंपनीचा तो उद्योगच नव्हता. उलट, धर्मप्रचाराने लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल या भीतीने कंपनी मिशनऱ्यांना आपल्या मुलखात शिरू देत नसे. इंग्लंडच्या संसदेने १८१३ साली सनदेत बदल केला, तेव्हा कोठे ते दार किलकिले झाले.

त्यानंतर बाणकोटला मिशनरी आले ते स्कॉटलंडहून, १८२३ साली. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल हा त्यांतला पहिला. पूर्वी तो फौजेत होता. त्याच वर्षी तो वारला. मागून जेम्स मिचेल, जॉन स्टीव्हन्सन, रॉबर्ट नेस्बिट हे आले. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची केंद्रे होती. १८२९ साली मुंबईत उतरलेले डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय मुंबईत आहे, त्यांनीही मराठीचे पहिले धडे येथेच गिरवले. हे सारे प्रॉटेस्टंट पंथाचे. आमच्या ख्रिस्तसभेचे नव्हेत. परंतु सत्य सांगावयाचे तर या मंडळींनी किल्ल्याच्या सावलीत बसून तोफांकडे पाहिले नाही. त्यांनी गावागावांत मराठी शाळा काढल्या. धर्मांतरे थोडी झाली. शाळा पुष्कळ झाल्या. पुढे हे मिशनरी मुंबई-पुण्यास निघून गेले. दापोलीला नंतर दुसऱ्या एका अँग्लिकन मिशनची शाळा आली. भारतरत्न पां. वा. काणे आणि साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दोघांनीही धर्म बदलला नाही, आणि दोघांनीही महाराष्ट्राला भरभरून दिले.

मग या किनाऱ्यावरचे आमचे कॅथलिक कोठून आले? त्यांचा मार्ग दक्षिणेकडून आला. गोव्याहून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण आणि तेथून वर. शेती, मासेमारी, नोकरी, उद्योग यांच्या मागे मागे घरेच्या घरे येत गेली. जेथे चार घरे स्थिरावली तेथे क्रूस उभा राहिला, मग प्रार्थनामंदिर, मग धर्मग्राम. २००५ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर हे जिल्हे मिळून सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, त्याचा पाया या घरांनी घातलेला आहे. त्यात बाणकोटच्या तटाचा एकही चिरा नाही.

बिनहत्यारी इंग्रज

वाचकहो, बाणकोटच्या आधी पावणेदोनशे वर्षे या किनाऱ्यावर एक इंग्रज येऊन गेला होता. त्याने किल्ला घेतला नाही. इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणे हाच गुन्हा झाला होता त्या काळात तो देश सोडून रोमला गेला, येशूसंघात शिरला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. फादर थॉमस स्टीफन्स हे त्यांचे नाव. भारतात येऊन राहिलेले ते पहिले इंग्रज मानले जातात. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि १६१६ साली राचोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ओवीबद्ध, सुमारे ११ हजार ओव्यांचे.

त्या ग्रंथाचे पुढे काय झाले हे आमच्या विषयाशी निगडित आहे. १६८४ साली गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीजच बोलावी असा हुकूम काढला. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सत्तेनेच ख्रिस्ती लोकांच्या भाषेवर घाव घातला, हे आपण लपवू नये. पुराणाच्या छापील प्रती नाहीशा झाल्या. तरीही ग्रंथ मेला नाही. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो हाताने उतरून काढला, उपवासकाळात घरोघरी वाचला, मुलांच्या हाती दिला. त्या घरगुती हस्तलिखितांवरून १९०७ साली जे. एल. साल्डाना यांनी मंगळूर येथे तो पुन्हा छापला. राजाने ज्याला आसरा दिला नाही त्याला माजघराने दिला.

वसईच्या वाचकांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. वसईच्या कोटात येशूसंघीय, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सर्व संघांची मंदिरे होती. १७३९ साली चिमाजी आप्पांनी कोट जिंकला आणि ती मंदिरे हळूहळू ओसाड झाली. आज त्यांची तोरणे आकाशाखाली उभी आहेत. पण कोटाबाहेरच्या गावांत, वाड्या-आळ्यांतल्या घरांत संध्याकाळची रोझरी बंद पडली नाही. तटाने श्रद्धा राखली असती तर ती तटाबरोबर पडली असती. ती घरांनी राखली.

दगडांचा प्रवास

मग या पडक्या किल्ल्यांचे आणि बंगल्यांचे काय करावयाचे? आमचा त्यांच्याशी संबंध नाही म्हणून ते जाऊ द्यावेत काय? आमचे म्हणणे अगदी उलट आहे.

दगड एका हातातून दुसऱ्या हातात जातात, हा जगाचा नियम आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडल्यावर कॅथलिक राजे चालून येतील या भयाने १५३९ पासून किनाऱ्यावर किल्ल्यांची रांग उभी केली. त्याच सुमारास त्याने देशातले मठ मोडले होते. केंट परगण्यातला सँडगेटचा किल्ला बांधताना जवळच्या मोडलेल्या मठांचे दगड वापरले गेले. ज्या भिंतींआड प्रार्थना चालत त्या भिंतींवर तोफा चढल्या. कोकणात याच्या उलट होते : पडक्या वाड्याचे चिरे गोठ्याच्या भिंतीला लागतात, बंगल्याची पायरी विहिरीच्या काठी जाते. गरजवंताला त्याबद्दल कठोर बोल लावणे आमच्या जिभेवर येत नाही. पण चिऱ्याबरोबर त्याची गोष्टही उचलली जाते, आणि ती पुन्हा कोठे बसवता येत नाही.

या बाबतीत इंग्रजांकडून एक धडा घेण्यासारखा आहे. सुवर्णदुर्ग जिंकणारा विल्यम जेम्स पुढे ‘सर’ झाला आणि १७८३ साली वारला. त्याच्या विधवेने १७८४ साली लंडनच्या आग्नेयेस शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक तीन बाजूंचा मनोरा बांधला. त्याचे नाव तिने ठेवले ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे आपल्या सुवर्णदुर्गाचाच इंग्रजी अपभ्रंश. आमच्या किनाऱ्यावर त्यांची व्हिक्टोरिया, त्यांच्या टेकडीवर आमचा सुवर्णदुर्ग! हा मनोराही पुढे बंद पडला, मोडकळीस आला. तेव्हा तेथल्या रहिवाशांनी विश्वस्त संस्था काढली, पैसा उभा केला, दुरुस्ती केली आणि २०१४ साली तो लोकांसाठी उघडला. जेम्सच्या पराक्रमाचे गोडवे गाण्याचे त्यांना कारण नव्हते. आपल्या टेकडीवरची वास्तू आपल्या डोळ्यांदेखत पडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

बाणकोटचा किल्ला आंग्र्यांचा, पेशव्यांच्या तहाचा आणि इंग्रजांचा. पण आज तो आपला आहे, जसा वसईचा कोट सर्वांचा आहे. दापोलीच्या जुन्या इंग्रजी चर्चचे अवशेष आणि तेथले दफनस्थान आमच्या पंथाचे नाही. तरी मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे असे आम्ही लहानपणी धर्मशिक्षणात शिकलो, आणि मूठमाती दिलेल्यांच्या थडग्यांची विटंबना होऊ न देणे हाही त्याच कृत्याचा भाग आहे. नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. परमुलखात मेलेल्या, मागे रडणारे कोणी नसलेल्या एखाद्या शिपायासाठी त्याच वेळी एक ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणावयास काय हरकत आहे?

आमची सूचना अगदी साधी आहे. सुट्टीत हरिहरेश्वर किंवा वेळासला जाल तेव्हा मुलांना घेऊन बाणकोटच्या टेकडीवर चढा. व्हिक्टोरिया हे नाव राणीचे नाही, हे त्यांना सांगा. तटावर नावे कोरू नका, कोरणाऱ्याला अडवा. आणि घरी परतल्यावर आपल्या घराकडेही त्याच नजरेने पाहा. आजोबांच्या पेटीतली जुनी प्रार्थनापुस्तके, लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी, कोणत्या गावाहून कोण आले याविषयी आजीला ठाऊक असलेली माहिती, हे सारे वहीत उतरवून काढा आणि एक प्रत आपल्या धर्मग्रामात आणून द्या. आपण इंग्रजांच्या वेळी ख्रिस्ती झालो काय, या प्रश्नाचे खरे उत्तर कोणत्याही किल्ल्यात सापडणार नाही. ते त्या पेटीत आहे. वाळवी आणि कोकणचा पाऊस त्या पेटीसाठी थांबणार नाहीत, म्हणून हे काम येत्या पावसाळ्याच्या आत व्हावे.